वसंतातील दिल्ली : वास्तू, पक्षी आणि हौशी छायाचित्रकार

फेब्रुवारी सरत आला की नवी दिल्लीतील लोदी उद्यानात सकाळपासूनच हौशी छायाचित्रकारांची वर्दळ सुरू होते. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील घुमट आणि त्यांच्या अवतीभवती वावरणारे पक्षी असे दोन्ही विषय येथे एकाच फेरफटक्यात टिपता येतात. मात्र हाच काळ अनेक पक्ष्यांच्या विणीचाही असल्याने छायाचित्र कसे घ्यावे याइतकेच ते कोठे घेऊ नये, हे जाणणेही आवश्यक ठरते.

सुमारे ९० एकरांचे हे उद्यान १९३६ साली ‘लेडी विलिंग्डन पार्क’ या नावाने खुले झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला लोदी घराण्याचे नाव देण्यात आले. मुहम्मद शाह सय्यद आणि सिकंदर लोदी यांचे अष्टकोनी मकबरे, बडा गुंबद आणि निळ्या फरशांच्या अवशेषांमुळे ओळखला जाणारा शीश गुंबद या येथील प्रमुख वास्तू होत.

वास्तूच्या छायाचित्रणात प्रकाशाच्या दिशेला विशेष महत्त्व असते. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात तिरपे किरण भिंतीवरून सरकत जातात आणि कोरीवकामाचा उठाव स्पष्ट होतो. दुपारच्या उन्हात तो हरवतो. कॅमेरा वर कलवल्यास इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. अशा वेळी मागे सरकून कॅमेरा समपातळीत धरावा. संरक्षित स्मारकांमध्ये तिपाई वापरण्यासाठी पुरातत्त्व विभागाची पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

पक्ष्यांच्या बाबतीत गणित बदलते. उडणारा पक्षी सुस्पष्ट टिपण्यासाठी शटरचा वेग साधारणतः सेकंदाचा एक हजारावा भाग किंवा त्याहून कमी कालावधीचा ठेवतात. ३०० मिलिमीटर वा त्याहून अधिक नाभीय अंतराची लेन्स असल्यास दुरूनही काम भागते. हे अंतर केवळ सोयीचे नसून पक्ष्याच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

दिल्लीतील जुन्या भिंतींमधील छिद्रांत पोपट घरटी करतात. त्यामुळे घुमटाचे छायाचित्र घेणारा माणूस नकळत घरट्याच्या दारातच उभा राहू शकतो. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड आतून लिंपून घेते व केवळ एक अरुंद फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांनाही अन्न भरवतो. झाडाखाली गर्दी असल्यास नर ढोलीकडे येण्याचे टाळू शकतो आणि तेवढा वेळ आतील कुटुंब उपाशी राहते. उघड्या घरट्यांचा धोका निराळा असतो. पालक उडून गेल्यास अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांसारख्या भक्षकांना संधी मिळते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. छायाचित्र नीट यावे म्हणून घरट्याभोवतीच्या फांद्या बाजूला करणे हे म्हणूनच निरुपद्रवी कृत्य मानता येत नाही.

सर्वसाधारण दक्षता पुढीलप्रमाणे सांगता येईल. घरट्याजवळ फ्लॅश वापरू नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. सापडलेल्या घरट्याचे नेमके ठिकाण छायाचित्रासोबत प्रसिद्ध करू नये. चोचीत खाद्य असलेला पक्षी फांदीवरच ताटकळत असेल किंवा सतत धोक्याची साद घालत असेल, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून तेथून त्वरित दूर व्हावे.

पाच शतके उभा असलेला घुमट उद्याच्या सकाळीही त्याच प्रकाशात भेटेल. घरट्यातील अंड्यांना मात्र अशी उसंत नसते. त्यामुळे दोहोंत निवड करण्याची वेळ आल्यास त्या दिवशी कॅमेरा घुमटाकडे वळवणे हेच श्रेयस्कर.