माशांच्या पोटातले जंत

खाद्य वेळेवर देतो, तरी रोहू-कटला वाढत नाहीत. डोकं मोठं, अंग वाळलेलं, कल्ले फिके. मग आपण खाद्य वाढवतो. पण माशाच्या आतड्यात जंत असतील तर ते खाद्य जंतांच्याच कामी येतं आणि गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र आपल्याला चुकत नाही.

आधी खात्री करू या. दर महिन्याला जाळं टाकून चार-पाच रोडावलेले मासे काढावेत. आतडं उभं चिरून ताटलीत स्वच्छ पाण्यात धरावं. पांढऱ्या फितीसारखे किंवा दोऱ्यासारखे जंत डोळ्यांना दिसतात.

हे येतात कुठून? आपल्या सासूबाईंना नारू आठवत असेल. तो सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्यातून माणसात यायचा. त्याला मारणारं औषध नव्हतं. लोक पाणी गाळून प्यायला लागले, पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्या, साखळी तुटली आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माशांच्या काही चपट्या जंतांचंही तसंच आहे. माशाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी सायक्लॉप्स खातो आणि तो सायक्लॉप्स मासळीचं पिलू खातं.

म्हणून साखळी तोडायची ती अशी:

उन्हाळ्यात मासे काढून झाले की तळं आटवावं आणि गाळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्यावं. वरचा काळा गाळ काढावा. मग मातीचा सामू तपासून एकरी साधारण 100 किलो चुना पसरावा. तोंडाला फडकं बांधावं, हातमोजे घालावेत, डोळे जपावेत. प्लास्टिकच्या शेततळ्यातला गाळही काढून तळ वाळवावा.

बोटुकली खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावी. पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी लावावी, म्हणजे बाहेरचे मासे आत येत नाहीत. मासळी साफ केल्यावर आतडी तळ्यात टाकू नयेत, पुरावीत. काही जंतांची अंडी बगळे, पाणकावळ्यांच्या विष्ठेतून येतात, म्हणून तळ्यावर दोऱ्या ताणाव्यात.

शेळीचं जंताचं औषध तळ्यात कधीही ओतू नका. माशाचं औषध वजनाच्या हिशोबाने खाद्यातून देतात. ते मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना विचारूनच द्यावं आणि त्यानंतर किती दिवस मासे विकायचे नाहीत, हेही विचारून घ्यावं. तळं तसंच राहिलं तर औषध देऊनही जंत परत येतात.

आणि हो, नीट शिजवलेली मासळी खायला भीती नाही.

येत्या बैठकीत ठरवू या: तळं कधी आटवायचं, चुना कोण आणणार.