सुपरहिरोच्या पोशाखातील बाबासाहेब कशाला हवेत?

आमच्या लहानपणी रद्दीच्या दुकानात जुनी इंद्रजाल कॉमिक्स मिळत. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या या पुस्तिकांचा लाडका नायक म्हणजे वेताळ. १९३६ साली ली फॉक या अमेरिकन लेखकाने निर्माण केलेला हा फँटम. जंगलातील काळ्या माणसांचे रक्षण करणारा मुखवट्यातला गोरा! बाप मेला की मुलगा गादीवर. काळ्या माणसाने स्वतःचे रक्षण स्वतः करावे, असे त्या कथेत कुणाला सुचत नाही. वंशपरंपरेने चालणारी अशी गादी आम्हा भारतीयांना फार ओळखीची आहे, म्हणून असेल कदाचित, आम्ही ती मुकाट्याने वाचली.

आता आपल्या समाजातील तरुण स्वतः चित्रकथा काढू लागले आहेत. ही आनंदाची बाब आहे. परंतु १४ एप्रिल जवळ आला की अमरावती, अकोल्याकडे पिळदार दंडांचे, निळी शाल फडकवत आकाशातून झेप घेणारे बाबासाहेब दिसू लागतात, तेव्हा मनात शंका येते. अशीच एक चित्रकथा घेऊन एक तरुण आमच्या वस्तीतील विहारात आला होता. कथा त्याची, चित्रेही त्याचीच. पोरांनी त्याला गराडा घातला. पुढच्या भागात काय होणार? मनूला कोण हरवणार? प्रश्नांचा पाऊस पडला. मग आठवीतील एक मुलगी उठली, "दादा, तुमचे बाबासाहेब उडतेत, मंग शाळेत पोत्यावर काऊन बसले?"

कोर्टात आम्ही पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या, पण असा नेमका प्रश्न क्वचित ऐकला. चित्रकार निरुत्तर झाला.

बंधूंनो, त्या मुलीच्या प्रश्नात चळवळीचा मोठा प्रश्न दडला आहे. ज्याच्या अंगी दैवी शक्ती आहे, त्याला संघर्ष करावा लागत नाही. आणि त्याच्या भक्तांनाही करावा लागत नाही! २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असेल, परंतु राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. ज्यांनी हे सांगितले त्यांनाच आपण विभूती करून आकाशात उडवायचे काय?

मग चित्रकथेतील बाबासाहेब कसे असावेत? उत्तर उपलब्ध आहे. २०११ साली 'नवयाना'ने 'भीमायन' हे पुस्तक इंग्रजीत काढले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दाम्पत्य मेळघाटापलीकडच्या मध्य प्रदेशातील परधान गोंड. त्यांनी पात्रांना चौकटीत कोंबण्यास नकार दिला. माणसे, झाडे, जनावरे पानभर मोकळी पसरली आहेत. आगगाडी सापासारखी वळते. प्रेमळ माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते! हे सुचायला कोणतीही परदेशी विद्या लागली नाही.

या पुस्तकातील भीम उडत नाही. तो तहानलेला आहे. १९०१ साली साताऱ्याहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणाची पोरे समजतो. महार म्हणताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाले येईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे! सोबत भरपूर अन्न आहे, पण पाणी नाही आणि पाण्याविना मुले उपाशीच राहतात. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीला पाणी असूनही ते पिता येत नाही, तेथील आमच्या लेकरांना ही तहान समजावून सांगावी लागत नाही. पुढे १९२७ साली चवदार तळ्यावर ओंजळ भरणारा माणूस याच तहानेतून उभा राहिला.

चित्रकथा हे पोरखेळाचे साधन आहे, असे आमच्यातील काही ज्येष्ठांना वाटते. त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. १९५७ साली तेथे मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर सोळा पानांची चित्रकथा निघाली. किंमत दहा सेंट. अहिंसक लढा कसा द्यायचा, मार पडला तर काय करायचे, याची रीतच त्यात शिकवली होती. तिच्या चित्रकाराचे नाव कित्येक वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. २०१८ साली ते उघड झाले, साय बॅरी. हाच माणूस पुढे १९६१ पासून तीसेक वर्षे वेताळ काढत होता! म्हणजे हात तोच. एका कथेत काळ्या माणसाला गोरा वाचवतो, दुसरीत तो पायी चालून स्वतःचा हक्क मिळवतो.

वऱ्हाडातील चित्रकारांकडे आमची मागणी याच जातीची आहे. विषय आम्ही देतो. पोलीस ठाणे. अत्याचारग्रस्त बाई तक्रार घेऊन उभी. ठाणेदार म्हणतो, "अर्ज ठेवून जा, आधी चौकशी करू." बाई अॅट्रॉसिटी कायद्यातील कलम १८-अ वर बोट ठेवते. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदनंतर त्याच वर्षी संसदेने घातलेले हे कलम सांगते की, गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. पुढच्या पानावर ती एफआयआरची प्रत मागते आणि ती फुकट मिळते, हेही ठणकावून सांगते. त्याच्या पुढच्या पानावर तपासाला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी येतो, हवालदार नव्हे. ठाणेदाराच्या फुग्याला विंचवाची नांगी काढली, तरी आमची हरकत नाही.