अधिकार-धोरण भाषा
अधिकार-धोरण भाषा ही वेब ॲप्लिकेशनमध्ये कोणत्या वापरकर्त्याला कोणती कृती करता येईल, याचे नियम लिहिण्याची क्षेत्रविशिष्ट संगणकभाषा होय. वापरकर्त्याची ओळख पटवणे हे तिचे काम नव्हे. ओळख पटल्यानंतरची परवानगी ती ठरवते.

उदाहरणार्थ, गोदामांसाठी परिचित असलेल्या काल्हेर (ता. भिवंडी, जि. ठाणे) येथील जमीन विकली गेली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार फेरफाराची नोंद तलाठी करतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. संगणकप्रणालीत हीच अट अनेक पडद्यांच्या कोडमध्ये विखुरल्यास एखाद्या ठिकाणी ती सुटते व सातबाऱ्यावर चुकीचे नाव चढू शकते. धोरण भाषेत ती एकाच जागी लिहिली जाते. तलाठ्याची मंडळ अधिकारीपदी बढती झाली, तर केवळ पद तपासणारी प्रणाली त्याला स्वतःचीच जुनी नोंद प्रमाणित करू देईल. ‘नोंद करणाऱ्यास मनाई’ असा स्वतंत्र नियम ते रोखतो.

ॲमेझॉनने २०२३ मध्ये मुक्तस्रोत केलेल्या ‘सीडर’ भाषेत मनाई परवानगीवर मात करते. कोणताच नियम लागू नसल्यास नकार मिळतो. २००३ मधील ‘एक्सएसीएमएल’ हे मानक एक्सएमएलवर आधारित असल्याने वाचण्यास फारच क्लिष्ट आहे.