नाथसागर : ऐकीव आणि वास्तव

छत्रपती संभाजीनगराहून पन्नासएक किलोमीटरांची वाट चालून, पैठणास संत एकनाथांच्या समाधीचे दर्शन आटोपून जो प्रवासी सायंकाळी जायकवाडी धरणाच्या माथ्यावर उभा राहतो, त्याला नाथसागर या जलाशयाचे पैलतीर दिसत नाही. आणि दृष्टीची हद्द जेथे संपते तेथून ऐकीव गोष्टींचा अंमल सुरू होतो.

गैरसमज : हे धरण म्हणजे काँक्रीटची अखंड भिंत.
वस्तुस्थिती : १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, ते हे सुमारे दहा किलोमीटर लांबीचे धरण बहुतांशी मातीचे आहे. पाण्याकडील उतारावर रचलेले दगड लाटांचा मारा सोसतात. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले तर ती टिकत नाही. म्हणून पुराला वाट देण्यासाठी २७ दरवाजांचा पक्का सांडवा बांधलेला आहे.

गैरसमज : जायकवाडी हे इथल्याच गावाचे नाव.
वस्तुस्थिती : मौजे जायकवाडी बीड जिल्ह्यात. धरणाची मूळ योजना तेथली. पुढे जागा पैठणास ठरली, दप्तरी नाव मात्र कायम राहिले.

गैरसमज : एवढा विस्तार, तेव्हा खोलीही अथांग.
वस्तुस्थिती : २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरांवर पसरले की सरासरी खोली आठ-नऊ मीटरच भरते. या उथळपणामुळे उन्हाळ्यात सूर्य आपला वाटा सढळ हाताने वसूल करतो.

गैरसमज : हा जलाशय सहलीसाठीच.
वस्तुस्थिती : पायथ्याचे ज्ञानेश्वर उद्यान रम्य खरे, परंतु प्रकल्पाचे मुख्य प्रयोजन मराठवाड्यातील शेतीचे सिंचन. शिवाय १९८६ पासून जलाशय पक्षी अभयारण्य आहे. सूर्याला सोपा असणारा तोच उथळ काठ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे ताट होतो.

गैरसमज : साठा शून्य टक्के, म्हणजे तळे कोरडे.
वस्तुस्थिती : वृत्तपत्रांतील टक्केवारी केवळ २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याची असते. त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा उरतो. तो कालव्यांच्या मुखापर्यंत आपोआप चढत नाही, पंपाने उपसावा लागतो. सरकारी दप्तराने ज्यास मृत ठरविले, त्याच पाण्यावर २०१६ च्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगर शहराने तहान भागविली.