खोली खणणारे

महाडहून मुंबईच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर, महामार्गाला लागून असलेल्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. काळ्या कातळात कोरलेली ही सुमारे तीस लेणी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासची आहेत. काणभोज विष्णुपालित या राजकुमाराने चैत्यगृह आणि भिक्खूंसाठी खोल्या दान दिल्याची नोंद तिथल्या शिलालेखात आहे. दात्यांची नावे दगडावर टिकली; छिन्नी चालवणाऱ्यांची कोणी लिहिली नाहीत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी जगभर जमिनीखाली दालने खणली गेली, आणि त्यांच्या इतिहासातही हाच प्रघात चालू राहिला. प्रयोग सुचवणारे, पैसा देणारे, उपकरण बांधणारे यांची नावे शोधनिबंधांत येतात, खणणाऱ्यांचा उल्लेख झालाच तर आभाराच्या एखाद्या ओळीत. हा अन्याय आहे, असे म्हणून थांबता येईल. पण मला त्यापुढचे म्हणायचे आहे. खणणाऱ्याला प्रयोगाबाहेर मोजल्यामुळे विज्ञानाचेही नुकसान झाले आहे, आणि भारतात ते सर्वांत जास्त झाले आहे.

प्रयोगासाठी जमिनीखाली जावे का लागते, हे आधी पाहू. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. आडव्या धरलेल्या तळहातातून दर मिनिटाला असे शंभराच्या आसपास कण आरपार जातात. न्यूट्रिनो हा कण त्याहून कितीतरी अधिक संख्येने येतो, पण तो कशालाच सहजी अडत नाही. अब्जावधींतला एखादाच उपकरणातल्या अणूवर आदळतो. म्युऑनांच्या त्या गजबजाटात हा एखादा ठोका ऐकू येणे अशक्यच. एक किलोमीटर खडक डोक्यावर घेतला की म्युऑनांची संख्या सुमारे दहा लाखांत एक एवढीच उरते; न्यूट्रिनो मात्र पूर्वीसारखाच येत राहतो. म्हणजे डोक्यावरचा खडक हा प्रयोगाच्या उपकरणाचाच एक भाग असतो. त्याची जाडी, घनता, त्यातली किरणोत्सारी मूलद्रव्ये, हे सगळे हिशेबात येते. हे मान्य केले की त्या खडकात जागा करणारा माणूस उपकरणाबाहेरचा कसा ठरेल?

भारताचा या क्षेत्रातला वाटा मोठा आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या प्रेरणेने बी. व्ही. श्रीकांतन यांनी १९५१ मध्ये कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत उतरून म्युऑन मोजायला सुरुवात केली. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवलेली ही खाण तेव्हा जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक होती; तिची चॅम्पियन रीफ खाण शेवटी तीन किलोमीटरहून खाली गेली. साठच्या दशकाच्या आरंभी सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरण लावून पाहिले, तर दोन महिन्यांत एकही म्युऑन नोंदला गेला नाही. न्यूट्रिनो पकडायला यापेक्षा शांत जागा शोधूनही सापडली नसती. मग एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानच्या ओसाका सिटी आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांबरोबर २.३ किलोमीटर खोलीवर उपकरणे बसवली. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोचा पहिला प्रकाशित पुरावा ऑगस्ट १९६५ मध्ये त्यांनी दिला. फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाचा दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीतला तसाच निष्कर्ष त्याच महिन्यात, पंधरवड्याच्या अंतराने छापून आला. पुढे १९८० पासून कोलारमध्येच प्रोटॉनचा ऱ्हास होतो का, हे पाहणारा १४० टनांचा प्रयोग चालला.

कोलार आणि दक्षिण आफ्रिकेतल्या या दोन्ही खाणींत खाली कोण होते, हे पाहिले पाहिजे. कोलारमधले बहुसंख्य कामगार उत्तर अर्काटसारख्या तमिळ जिल्ह्यांतून आलेले आणि त्यांतले बरेचसे दलित होते. गावातली जातीची वेठ सोडून ते खाणीच्या वेठीला आले, तरी इथे त्यांनी स्वतःचे सार्वजनिक जीवन उभे केले. मारिकुप्पमला विसाव्या शतकाच्या आरंभीच बौद्ध संघटना होती, आणि १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलारला येऊन गेले. दक्षिण आफ्रिकेतली ईस्ट रँड खाण वर्णभेदी राजवटीत काळ्या मजुरांच्या श्रमावर चालत होती. जमिनीखालच्या न्यूट्रिनो-विज्ञानाची पहिली दोन पावले समाजाने सर्वांत खाली ठेवलेल्या माणसांनी पाडलेल्या वाटेवरून पडली. तीन किलोमीटरवर कोलारच्या खडकाचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. दाबाखालचा खडक अचानक फुटून उडण्याच्या घटना तिथे इतक्या होत, की त्यांचा अभ्यास हे एक स्वतंत्र शास्त्रच झाले. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी करणारा सिलिकोसिस वेगळाच. शास्त्रज्ञांनाही कामगारांना खाणीत उतरवणाऱ्या त्याच पिंजऱ्यातून खाली जावे लागे आणि त्यांच्या धाडसाबद्दल आदरच वाटतो. पण प्रयोग संपल्यावर त्यांना वर यायचे होते, खाणकामगाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचे होते.

यावर सर्वांत सरळ आक्षेप असा, की हे कामगार सोन्यासाठी खणत होते. बोगदा तयार होता, शास्त्रज्ञांनी तो वापरला. यात विज्ञानातला वाटा कुठला? कोलारपुरता हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण खाणीच्या अरुंद बोगद्यांत मावेल एवढेच उपकरण तिथे लावता आले, हेही खरे. दालन केवढे, यावर प्रयोग केवढा हे ठरते. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या होमस्टेक सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये रे डेव्हिस यांच्या प्रयोगासाठी खाणकामगारांनी मुद्दाम वेगळे दालन खणले. त्यात ठेवलेल्या टाकीने सूर्यातून येणारे न्यूट्रिनो मोजले आणि त्या कामाला २००२ चे नोबेल मिळाले. आता त्याच खाणीत, दीड किलोमीटर खोलीवर, ड्यून नावाच्या प्रयोगासाठी प्रचंड दालने तयार झाली आहेत. २०२१ ते फेब्रुवारी २०२४ या काळात तिथून सुमारे आठ लाख टन दगड बाहेर काढला गेला. मोठी यंत्रे जुन्या विहिरीतून अखंड उतरत नाहीत, म्हणून सुटी करून खाली नेली आणि तिथे पुन्हा जोडली. जपानमध्ये कामिओका इथे ६९ मीटर व्यासाचे आणि घुमटासह ९४ मीटर उंचीचे दालन २०२५ मध्ये खणून पूर्ण झाले. असे दालन एका दमात खणता येत नाही. आधी माथ्याचा घुमट मोकळा करायचा, सुरुंगाच्या प्रत्येक बारानंतर निसटलेले दगड पाडून घ्यायचे, छतात लांब सळ्या रोवून खडकालाच खडकाशी बांधायचे, काँक्रीटचा लेप द्यायचा, खडक किती सरकला ते मोजायचे आणि मगच खालचा टप्पा घ्यायचा. खडक अपेक्षेपेक्षा कच्चा निघाला तर बेत बदलावा लागतो, आणि कच्चेपणाची पहिली खूण बहुधा सुरुंगाचे भोक पाडणाऱ्याच्या हाताला लागते. कागदावरच्या आकृतीत ही माहिती नसते. प्रयोगशाळेत काच फुंकणाऱ्या किंवा इलेक्ट्रॉनिक्स जुळवणाऱ्या तंत्रज्ञाला आपण विज्ञानाचा भागीदार मानतो, मग या कौशल्याला ठेकेदाराची मजुरी का म्हणायचे?

आता नुकसानीकडे येतो. कोलारमधला प्रयोग सोन्याच्या आश्रयाने चालला होता. खाण तोट्यात गेली, खोल भाग बंद होत गेले, तसे नव्वदच्या दशकाच्या आरंभी प्रयोगही गुंडाळावे लागले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली, पंप थांबले, पाणी चढले. हजारो कुटुंबांचे उत्पन्न गेले; तिथली माणसे आजही कामासाठी रोज रेल्वेने बंगळूरला जातात, आणि वस्तीशेजारी सायनाइड वापरून सोने काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. होमस्टेक खाण साधारण त्याच सुमारास बंद झाली, तिचेही पंप २००३ मध्ये थांबले. पण तिथल्या राज्याने पुढाकार घेतला, कंपनीने खाण राज्याला दिली, एका दानशूराने सात कोटी डॉलर दिले आणि पाणी पुन्हा उपसले गेले. खाणीचे दोर, पिंजरे आणि विहिरी सांभाळण्याचे ज्ञान गावात होते, ते नव्या प्रयोगशाळेच्या कामी आले. कोलारमध्ये चार दशकांची वैज्ञानिक परंपरा आणि शतकाहून मोठी खाणकामाची परंपरा एकापाठोपाठ बुडाली, कारण त्या दोन्ही एकच आहेत असे कोणी मानलेच नाही. खाण वाचवणे हा उद्योगाचा प्रश्न ठरला आणि प्रयोग हलवणे हा विज्ञानाचा.

इथे महाड-पोलादपूरच्या वाचकाच्या मनात एक प्रश्न येणारच: आपल्या सह्याद्रीत अशी जागा का नसावी? प्रश्न अगदी रास्त आहे. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, आणि तिथून घाट चढून गेले की महाबळेश्वरचे पठार चौदाशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे डोंगराच्या पायथ्यातून आडवा बोगदा नेला, तर एक किलोमीटर खडक डोक्यावर आपोआप मिळेल, विहीर खणावी लागणार नाही. बेसॉल्ट हा जड खडक, आणि ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम, थोरियम कमी. दोन्ही गोष्टी प्रयोगाच्या सोयीच्या. या कातळात मोठी दालने टिकतात हे पलीकडच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहाने दाखवले आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हा आक्षेप म्हणून सांगितला जाईल. पण कामिओकाही भूकंपाच्याच देशात आहे, आणि नीट बांधलेली खोल दालने पृष्ठभागावरच्या इमारतींपेक्षा हादरे चांगले सोसतात. माझ्या मते खरी अडचण दुसरीकडे आहे. लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला हा खडक एकसंध नाही. दोन थरांमधल्या तांबड्या मऊ पट्ट्यांतून आणि भेगांतून पाणी झिरपते, आणि हा प्रदेश तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचा. त्याहून मोठा प्रश्न काढलेल्या दगडाचा. होमस्टेकमध्ये तो जुन्या उघड्या खाणीच्या खड्ड्यात टाकता आला. पोलादपूरच्या उतारांवर लाखो टन डबर कुठे टाकणार? सावित्रीच्या खोऱ्याखेरीज जागा नाही. महाड तालुक्याने २००५ मध्ये जुई आणि दासगाव इथे, २२ जुलै २०२१ रोजी तळिये इथे दरड काय करते ते पाहिले आहे. तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. ज्या डोंगराखाली माणसे आधीच जीव मुठीत धरून राहतात, तिथे केवळ खडकाची जाडी पुरेशी आहे म्हणून बोगदा सुचवणे मला योग्य वाटत नाही.

कोलारची जागा भरून काढण्यासाठी देशाने तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या पोट्टिपुरमजवळ न्यूट्रिनो वेधशाळा ठरवली. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. चार्नोकाइट खडकाच्या भक्कम डोंगरात दोन किलोमीटरचा बोगदा, सुमारे १३२ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद दालन आणि त्यात ५० हजार टन लोखंडाचे चुंबकीय उपकरण, असा तो बेत होता. विरोध झाला, २०१७ मध्ये हरित लवादाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, पुढच्या वर्षी केंद्राने नव्याने दिली, आणि त्यानंतर राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोधी भूमिका घेतली. न्यूट्रिनोमुळे शेती जळेल, ही भीती निराधार होती. ते कण आपल्या सर्वांच्या शरीरातून अहोरात्र जातच असतात. पण सुरुंगांचे हादरे, धूळ, पाणी, दगडाचा ढीग, वाघांचा जाण्यायेण्याचा मार्ग, या शंका खऱ्या होत्या. दोन्हींना अज्ञान म्हणून एकाच पेटीत टाकले गेले, आणि तिथेच प्रकल्प हरला. कागदावरची परवानगी पुरत नाही, हे महाडला वेगळे सांगायला नको. चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयातला अखेरचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. सार्वजनिक वस्तूवरचा हक्क कागदावर देणे आणि माणसाला त्या वस्तूचा वाटेकरी मानणे, यात किती अंतर असते, हे त्या तळ्याने दाखवले. सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेलाही हीच कसोटी लागू होते.

कोणी म्हणेल, चवदार तळ्याला न्यूट्रिनोशी जोडणे ओढूनताणून आहे. पण तळ्यावरचा माणूसच पुढे खाणीपर्यंत गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा पट्ट्याला भेट दिली आणि खाणीत उतरून काम पाहिले. खाणकामगारांच्या कल्याण निधीचा पाया त्यांच्याच काळात, १९४४ मध्ये घातला गेला. युद्धाच्या निकडीत स्त्रियांना भूमिगत कामावर घेण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, त्यावर टीकाही झाली, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. हा भागही लपवायचे कारण नाही. महत्त्वाचे हे, की खाणकामगाराची राहणी, पाणी आणि आरोग्य हा उत्पादनाच्या खर्चाचाच भाग आहे, असे त्या धोरणाने धरले. विज्ञानाच्या अंदाजपत्रकात हेच तत्त्व यायला हवे. धुळीची मोजणी, काम संपल्यावरही अनेक वर्षे फुप्फुसांची तपासणी, प्रत्येक टप्प्यावर खणणाऱ्या गटाची नावानिशी नोंद, आणि खडकाच्या वागण्याबद्दलचे त्यांचे निरीक्षण प्रयोगाच्या अधिकृत कागदपत्रांत. यासाठी लागणारा पैसा १५०० कोटींच्या प्रकल्पात डोळ्यांत भरणाराही नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा: गरीब देशाने खडकात दालने खणावीत का? खणावीत, असे मला वाटते, कारण १९६५ मध्ये याहून गरीब असलेल्या देशाने जगाच्या बरोबरीने ते केले आणि त्या कामातून शास्त्रज्ञांची पिढी घडली. मात्र उधारीच्या जागेवर नको. आज झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर साहा इन्स्टिट्यूटने २०१७ पासून एक छोटी प्रयोगशाळा चालवली आहे, कृष्णद्रव्य शोधण्यासाठी. तीही चालू खाणीची पाहुणी आहे, आणि खाणीभोवती आदिवासींची गावे आहेत, ज्यांचे किरणोत्साराबद्दलचे प्रश्न जुने आहेत. तिथले धातुक संपेल तेव्हा पंप चालू ठेवण्याचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकातून येणार, आणि पिंजरा चालवणाऱ्यांना त्या दिवसानंतर पगार कोण देणार, हे खाण चालू आहे तोवरच लेखी ठरले पाहिजे.