काडतुसांचा सीलबंद डबा

धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गचा किल्ला आहे. पावसाळ्यात बोरी नदी भरली, की किल्ल्यातील बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. ते पाहायला शाळांच्या सहली जातात. अशाच पावसाळी दिवसांत, 13 सप्टेंबर 1948 रोजी, हैदराबाद संस्थानावरील कारवाईतली सुरुवातीची लढाई येथे झाली. सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने बोरी नदीवरचा पूल शाबूत असतानाच ताब्यात घेतला. त्या काळी आपल्या पायदळाची रायफल म्हणजे 0.303 इंची, लोकांच्या तोंडची 'थ्री-नॉट-थ्री'.

आता एक प्रश्न. कारखान्यात बनलेले काडतूस वर्षानुवर्षे कोठारात पडून राहते, आणि मग भर पावसात चाप ओढताच ते उडते. आपल्या घरची काडेपेटी तर आषाढात चार दिवसांत सादळते! मग काडतूस का सादळत नाही?

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण गोळी म्हणजे फक्त पुढचा, उडून जाणारा भाग. ती बसवलेली असते पितळी पुंगळीच्या तोंडात. पुंगळीच्या बुडाशी टिकली असते. तिच्यावर घाव बसला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात बहुधा कॉर्डाइट नावाची दारू असे. ती भुकटी नव्हे, तर शेवयांसारख्या काड्या. दारूला आणि टिकलीला ओल बाधते हे कोणालाही पटेल. पण हिंदुस्थानात ब्रिटिश लष्कराला खरा धक्का दिला तो पितळेने.

पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत. तेव्हा काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवली जात. पाऊस सरल्यावर पाहावे, तर पुंगळ्यांना भेगा पडलेल्या! त्याही नेमक्या मानेशी, जिथे पुंगळी गोळीला घट्ट आवळून धरते तिथे. कोणी हात लावला नव्हता की घाव घातला नव्हता. या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. त्याचा उलगडा 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश संशोधकांनी केला.

दोषी निघाला अमोनिया. घोड्यांच्या मुतातून तो हवेत मिसळत होता. पण एकटा अमोनिया पितळ फोडत नाही. काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. त्याची चकती थंड असतानाच दाबून आणि ओढून पुंगळी घडवतात. या ओढाताणीचा ताण धातूत अडकून राहतो. गळ्यात तट्ट बसलेली गोळी त्यात भर घालते. दमट हवेतला अमोनिया तांब्याशी संयोग पावतो आणि धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवर पोखरू लागतो. ताण त्या फटी रुंदावत नेतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले, तरच पुंगळी तडकते.

म्हणून उपायही दोन झाले. पहिला, पुंगळी बेताची तापवून आतला ताण घालवायचा. याला अनुशीतन म्हणतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्या तापवण्याचीच खूण. दुसरा उपाय हवा तोडण्याचा. तेच डब्याचे काम. या डब्याचा पत्रा फार जाड नसतो. तो हल्ला अडवण्यासाठी नसतोच, हवा अडवण्यासाठी असतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीत लाकडी खोक्याच्या आत कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा डबा असे. (पितळी भांड्याला कल्हई करतात, तीही कथिलाचीच.) सांधे डाख देऊन बंद केलेले. झाकणाला तारेची कडी असे. ती ओढली की पातळ झाकण फाटून निघे, छिन्नी-हातोड्याचे काम नाही. रशियन पद्धतीच्या डब्याला मात्र कडी नसते. तो कापायचे पाते सहसा खोक्यातच ठेवलेले असते.

डब्यात काय आहे ते उघडण्याआधीच कळावे म्हणून बाहेर खुणा छापतात: व्यास, गोळीचा प्रकार, कारखाना, घाणा क्रमांक, वर्ष. नुसता व्यास पुरत नाही. 7.62 मिलिमीटरची काडतुसे अनेक आहेत. एकाची पुंगळी 39 मिलिमीटर लांब, दुसऱ्याची 51, तिसऱ्याची 54. एकाचे दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही. रंगही फसवे. रशियन पद्धतीत गोळीचे हिरवे टोक म्हणजे उडताना जळत जाऊन मार्ग दाखवणारी गोळी. नाटोच्या 5.56 मिलिमीटर काडतुसात तेच हिरवे टोक म्हणजे आत पोलादाचा तुकडा. पुंगळीच्या बुडावरही ठसा असतो. इंग्रजी 'के एफ' अक्षरे म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा, 1869 साली सुरू झालेला कारखाना. 'ओ एफ व्ही' म्हणजे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव.

घाणा क्रमांक क्षुल्लक वाटेल, पण कोठारातला अनुभवी माणूस तो आधी वाचतो. एका घाण्यातली काही काडतुसे तपासणीत नापास झाली, तर त्या क्रमांकाचे सगळे डबे बाजूला काढता येतात. मात्र डबा एकदा उघडला, की बाहेरच्या वर्षावरून आतल्या मालाची परीक्षा होत नाही. अशा सादळलेल्या काडतुसाची टिकली उडूनही दारू लगेच पेटत नाही, क्षणभर उशिराने पेटते. उडाले नाही म्हणून घाईने खटका मागे ओढणाऱ्याच्या तोंडासमोरच ते फुटू शकते.

जुन्या भंगारात किंवा शेतात असे डबे अथवा सुटी काडतुसे सापडली, तर काही मुलांना पितळेचा मोह होतो. बंदुकीच्या नळीबाहेर काडतूस पेटले, तर पुंगळीला आधार नसतो. ती फाटते आणि तिचेच तुकडे डोळ्यांत जातात. ठोकू नका, तापवू नका, शाळेत दाखवायला नेऊ नका. विनापरवाना काडतूस बाळगणे हा शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे गुन्हाही आहे. वस्तू असेल तिथेच राहू द्या, लांबूनच तिच्यावरची अक्षरे दिसली तर लिहून घ्या, आणि 112 क्रमांकावर पोलिसांना कळवा. ती अक्षरे त्यांच्या उपयोगी पडतात.