थकव्याची तक्रार आणि नॉर्मल रिपोर्ट

चाकणच्या वाहन-कारखान्यांत किंवा भोसरीच्या लहान वर्कशॉपांत आठवड्याआठवड्याला पाळी बदलत राबणाऱ्या माणसाने अंगात त्राण उरले नसल्याची तक्रार केली, की ती रात्रपाळीच्या जागरणाच्या खाती टाकून मोकळे होण्याचा आपला प्रघात आहे. आणि पुष्कळदा ते खरेही असते, कारण अशा थकव्याला सुटी आणि गाढ झोप पुरते. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या व्याधीत मात्र विश्रांतीने थकवा हटत नाही, झोपेने ताजेपणा येत नाही, साधा हिशेब चुकू लागतो, कित्येकांना उभे राहताच भोवळ येते. आणि तिचे मुख्य लक्षण असे की, एरवी सहज पेललेल्या श्रमानंतर, बहुधा 12 ते 48 तासांनी, प्रकृती कोसळते व सावरायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेते. अनेकांना ती विषाणुसंसर्गानंतर जडते. कोविडनंतरही ती पुष्कळांत आढळली.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे आजार मनाचा आहे’ हा गैरसमज सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत क्रूर. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना आकाराला येत होता त्या काळात, 1955 साली, लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील दोनशेहून अधिक कर्मचारी अशाच विकाराने आजारी पडले. त्यांना न तपासता, केवळ दप्तरातील नोंदी चाळून, दोघा मनोविकारतज्ज्ञांनी 1970 साली तो सामूहिक उन्माद ठरवला. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने 1969 सालीच या विकाराची गणना मज्जासंस्थेच्या रोगांत केली होती, आणि अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली तो गंभीर शारीरिक व्याधी असल्याचा निर्वाळा दिला.

या व्याधीची खूण पटवणारी रक्ततपासणी अद्याप नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 यांच्या चाचण्या करतात त्या रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह यांसारखी उपचारसाध्य कारणे शोधण्यासाठी. क्षयरोग, झोपेत श्वास अडकणे आणि नैराश्य यांचाही शोध घ्यावाच लागतो, आणि तो टाळणे घातक ठरेल. परंतु एवढे होऊनही काही सापडले नाही, म्हणजे रोगी निरोगी ठरला असे नव्हे. फिजिशियनकडून संधिवाततज्ज्ञाकडे, तेथून हार्मोनतज्ज्ञाकडे, अखेर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाडजूड फाइल घेऊन फिरणाऱ्या रोग्याची व्यथा हीच असते की, प्रत्येकाने आपापल्या अवयवाचा निकाल दिला, ‘श्रमानंतर दुसऱ्या दिवशी काय होते’ हे मात्र कोणी विचारले नाही. आणि निदान तर त्याच प्रश्नावर अवलंबून असते.

‘थोडा व्यायाम वाढवा, आपोआप ताकद येईल’ हा सल्ला सद्भावनेने दिला जातो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही क्रमाक्रमाने व्यायाम वाढवण्याची शिफारस 2007 साली केली होती; पुरावे फेरतपासून आणि रोग्यांचे अनुभव ऐकून 2021 साली तिने ती मागे घेतली. आता सांगतात ते शक्तीचा अंदाज घेऊन काम तोलणे, दमण्यापूर्वीच थांबणे. रोग समूळ घालवणारे औषध नाही. झोप, वेदना आणि भोवळ यांवरील उपचारांनी मात्र काहीसा आराम पडतो. सलाईन आणि ताकदीची इंजेक्शने यांवर पगार खर्ची घालू नये.

आणखी एक समज असा की, विम्याचा कामगार आजारी पडला तर त्याची सोय होतेच. कामगार राज्य विमा योजनेत सर्वसाधारण आजारपणाचा लाभ वर्षात 91 दिवस, वेतनाच्या 70 टक्के मिळतो. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या 2015च्या निकषांनुसार मात्र या व्याधीचे निदान व्हायला लक्षणे सहा महिने टिकावी लागतात, म्हणजे लाभ त्याआधीच संपलेला असतो, आणि दीर्घ मुदतीच्या लाभास पात्र रोगांच्या यादीत तिचे नाव नाही. म्हणून रोग्याने कोणत्या दिवशी किती श्रम झाले व पुढे काय झाले याची नोंद ठेवावी, डॉक्टरांनी ती केसपेपरवर उतरवावी, आणि कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने अशा कामगाराला हलके काम व कायमची दिवसपाळी देण्याची शिफारस करावी.